क्लच अंगणात बदलणाऱ्याला अडाणी ठरवण्याआधी

गाडीचा क्लच गेला की ती ओढून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यावी. अंगणात गिअरबॉक्स उतरवणं हा अडाणीपणा आहे. आणि गाडी पंधरा वर्षांची असेल तर तिच्यावर पैसा घालूच नये. हा सल्ला हल्ली वितरकाच्या काउंटरपासून पुण्या-मुंबईच्या गाडीशौकिनांच्या गप्पांपर्यंत सर्रास ऐकू येतो, आणि ऐकायला तो शहाणपणाचाही वाटतो. पण तोच सल्ला हिंगोली जिल्ह्यात लावून पाहिला की त्यातला निम्मा गळून पडतो, आणि उरलेला निम्मा भलत्याच माणसाला ऐकवला जातोय हे लक्षात येतं.

हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा काढलेला जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. सगळी मदार शेतीवर. सोयाबीन आणि कापसाच्या जोडीला इथलं मोठं पीक म्हणजे हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हंगामात हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागतात. ही हळद शेतातून ती शिजवायच्या कुकरपर्यंत, तिथून वाळवणीच्या खळ्यावर आणि ढोलात पॉलिश होऊन यार्डात पोचते ती बहुधा पिकअपमधून. ही पिकअप शोरूममधून कालपरवा निघालेली नसते. तिसऱ्या-चौथ्या हातातली टाटा २०७, जुनी बोलेरो पिकअप, मॅक्स, नाहीतर छोटा हत्ती. तिच्या पाटीवर हिंगोलीचा एमएच ३८ असेलच असंही नाही. नांदेडचा २६ किंवा परभणीचा २२ घेऊनच ती गावात आलेली असते.

क्लच संपतो तो इथल्याच वाटांवर. पाऊस पडला की काळी माती टायरला धरते, पांदण रस्त्यात गाडी रुतते, आणि चालक अर्धा क्लच दाबून, रेस देत तिला बाहेर काढतो. सव्वा-दीड टनाच्या गाडीत दोन-चार पोती वरचढच असतात. क्लचचं सगळं काम घर्षणावर चालतं. इंजिनाबरोबर फिरणारं फ्लायव्हील आणि त्यावर बसवलेली प्रेशर प्लेट यांच्या मधोमध क्लच प्लेट दाबून धरलेली असते. पेडल दाबलं की पकड सुटते, सोडलं की पुन्हा बसते. अर्धवट दाबलेल्या पेडलावर मात्र प्लेट नुसतीच घासते, तापते, करपते. तो जळका वास केबिनमध्ये शिरला की शेजारी बसलेला हमालसुद्धा सांगतो, “दादा, प्लेट गेली.” महामार्गावर सरळ धावणाऱ्या गाडीत जी प्लेट सहज लाखभर किलोमीटर टिकते, ती या वाटांवर त्याच्या कितीतरी आधी संपते.

इथे पहिला आक्षेप येतो: हे शिकलेल्या तंत्रज्ञाचं काम, शेतकऱ्याने त्यात हात घालू नये. यात गृहीत असं आहे की अंगणातल्या माणसाला काही कळत नाही आणि पांढऱ्या टाइल्सवर उभ्या असलेल्याला सगळं कळतं. प्रत्यक्षात क्लचच्या कामात जाणतेपणाची पहिली परीक्षा पाना हातात घेण्याआधीच होते. प्लेट खरोखर गेली आहे का? हँडब्रेक घट्ट ओढून, चौथा गिअर टाकून हळूच क्लच सोडला आणि इंजिन गपकन बंद पडलं, तर प्लेट पकडते आहे. इंजिन गुरगुरत फिरतच राहिलं, तर ती सटकते आहे. गिअर खरखर करून पडत असतील तर दोष बऱ्याचदा प्लेटचा नसतोच. केबल ताणलेली असते, मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरचं रबर गेलेलं असतं, नाहीतर लाइनीत हवा धरलेली असते. पेडलाला वर थोडी मोकळी चाल ठेवली नाही तर चांगली प्लेटही पुरती दाबली जात नाही आणि सटकायला लागते. हे ज्याला ठाऊक आहे तो शे-दोनशे रुपयांच्या रबरासाठी अख्खा क्लच संच बदलून घेत नाही. ज्याला ठाऊक नाही त्याच्या बिलात काय काय चढेल याला धरबंध नाही, मग दुकानाची पाटी कितीही मोठी असो.

प्लेटच गेली आहे असं ठरलं की पुढचं काम जड आहे, गूढ नाही. जुन्या पिकअपमध्ये इंजिन पुढे उभं, त्याच्या मागे गिअरबॉक्स, आणि तिथून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट. बॅटरीची वायर सोडायची. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर छिन्नीने एकसारखी खूण करायची, म्हणजे तो पुन्हा त्याच जागी बसतो आणि गाडी थरथरत नाही. केबिनमधून गिअरचा दांडा, खालून सेल्फ, स्लेव्ह सिलिंडर, मीटरची केबल आणि रिव्हर्स लाइटची वायर निघते. इंजिनाला मागून लाकडी ठोकळ्याचा आधार, गिअरबॉक्सखाली जॅक, मग फाउंडेशन आणि बेल हाउसिंगचे बोल्ट. गिअरबॉक्स सरळ रेषेत मागे यावा लागतो. पुन्हा चढवताना तो अर्ध्यावर असेल तेव्हा त्याचं वजन पुढच्या शाफ्टवर लोंबकळू दिलं तर प्लेटचं मधलं हब वाकतं, आणि नवी प्लेट बसवतानाच खराब होते.

कसब दिसतं ते यापुढे. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे ढिले करायचे. एका बाजूने उघडत गेलं तर प्लेट वाकडी होते. जुन्या प्लेटवर रिव्हेटची डोकी वर आली असतील तर फ्लायव्हीलवर ओरखडे पडलेले असणारच. त्यावर निळसर डाग म्हणजे ते फार तापलं. बारीक भेगा म्हणजे ते आधी लेथवाल्याला दाखवायचं. प्लेट तेलकट असेल तर इंजिनाच्या मागचं ऑइल सील गळतंय. ते न बदलता नवी प्लेट बसवणारा माणूस काही दिवसांत पुन्हा याच गाडीखाली झोपणार. रिलीज बेरिंग हातात धरून फिरवून पाहायचं, खरखर लागली तर बदलायचं, आणि न लागली तरी बदलायचं. काही शे रुपये वाचवून गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवण्यात हशील नाही. नव्या प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू कोणती हे तिच्यावरच छापलेलं असतं. ती मधोमध बसवायला भंगारातला जुना शाफ्ट डमी म्हणून घालतात. कळमनुरीच्या बसस्टँडजवळचा मिस्त्रीही हेच करतो आणि कंपनीचा मेकॅनिकही याच कामाचं बाजारात मिळणारं हत्यार वापरतो.

या यादीतली एकही पायरी अंदाजपंचे नाही. प्रत्येकीला कारण आहे, आणि ते कारण शेतकऱ्याच्या पोरालाही समजतं. जुन्या गाडीत क्लचच्या कामाला लॅपटॉप लागत नाही, कोड पुसावा लागत नाही. एखाद्या आधुनिक मोटारीतल्या डबल क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्ससाठी ‘घरी हात लावू नका’ हा सल्ला योग्यच आहे. तो उचलून २०७ ला चिकटवणं हा आळस आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो जोरकस आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली माणूस शिरला तर जॅक सरकायला क्षण पुरतो. विटांवर टेकवलेली गाडी त्याहून वाईट, कारण वीट वाकत नाही, एकदम फुटते. अंगण शेणाने सारवलेलं असेल तर जॅकचा पाय जमिनीत रुततो. यावर वाद नाही: घट्ट, सपाट जागा, चाकांना पुढून-मागून ठोकळे, जाड लाकडाचे ओंडके किंवा लोखंडी स्टँड, आणि गिअरबॉक्स उतरवताना दोन तरी माणसं. हे जमत नसेल तर काम करू नये. मात्र तालुक्याच्या किती गॅरेजांत लिफ्ट किंवा पिट आहे, हा प्रश्नही त्याच दमात विचारायला हवा. रस्त्याच्या कडेला, वाहत्या रहदारीकडे पाय करून गाडीखाली झोपलेला मिस्त्री हे दृश्य हिंगोली-नांदेड रस्त्यावर कुणालाही दिसतं. धोका जागेत आणि साधनांत आहे. अंगण की गॅरेज यावरून तो ठरत नाही.

धुळीचं तर याहून गंभीर आहे, आणि तिच्याबद्दल आक्षेप घेणारे सहसा बोलतच नाहीत. क्लच आणि ब्रेकच्या अस्तरात पूर्वापार ॲस्बेस्टॉस वापरलं गेलं. त्याचे सगळे प्रकार माणसात कर्करोग निर्माण करतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युरोपीय संघात २००५ पासून त्यावर बंदी आहे. अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये क्रायसोटाइल या प्रकारावर बंदी जाहीर केली. भारतात संपूर्ण बंदी नाही. त्यामुळे जुन्या गाडीच्या बेल हाउसिंगमध्ये साचलेली काळी भुकटी निरुपद्रवी आहे असं कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि ती भुकटी उडवण्याची सगळ्यात वाईट रीत म्हणजे कॉम्प्रेसरची हवा. ती रीत व्यावसायिक गॅरेजांत सर्रास चालते. अंगणात कॉम्प्रेसर नसतो. घरी काम करणाऱ्याने फडकं ओलं करून पुसलं, ते पिशवीत बांधून टाकलं, तोंडावर चांगला मास्क ठेवला आणि लेकरांना लांब बसवलं, तर तो या एका बाबतीत अनेक दुकानांच्या पुढे असतो. सुरक्षेचा मुद्दा मांडणाऱ्यांनी मोहीम काढायचीच असेल तर ती या हवेच्या पाइपाविरुद्ध काढावी.

पैशाचं काय? ‘घरी करून फारसं वाचत नाही’ हा तिसरा आक्षेप काही लोकांच्या बाबतीत खरा आहे. ज्याला आयुष्यात एकदाच क्लच बदलायचा आहे, ज्याच्याकडे सॉकेटचा संच नाही आणि गिअरबॉक्स झेलायला जोडीदार नाही, त्याने सरळ मिस्त्री गाठावा. पण हळदीच्या हंगामात पिकअप ज्याच्या दारात बंद पडते त्याचा हिशोब नुसत्या मजुरीवर थांबत नाही. सेनगाव किंवा औंढ्याच्या आडगावातून अधिकृत सर्व्हिस सेंटर म्हणजे हिंगोली शहर, नाहीतर त्याहून लांबचं नांदेड. क्लच गेलेली गाडी तिथवर ओढून न्यायचं भाडं वेगळं, तिथल्या रांगेतले दिवस वेगळे, आणि तोवर यार्डात माल न्यायला दुसऱ्याची गाडी भाड्याने घ्यायची ती वेगळीच. अंगणात सकाळी सुरू केलेलं काम, सुटा भाग वेळेवर मिळाला आणि फ्लायव्हीलला लेथची गरज लागली नाही, तर दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर आणतं.

यात करांचाही एक गमतीदार भाग आहे. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी मोटारींच्या अनेक सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता. त्या दिवसापासून तो १८ टक्के झाला. त्याच फेरबदलात ट्रॅक्टरचे अनेक ठरावीक भाग १८ वरून ५ टक्क्यांवर आले. म्हणजे तोच शेतकरी, तीच हळद, तीच पांदण. ट्रॅक्टरचं यंत्र शेतीचं मानलं गेलं आणि पिकअपचं चैनीच्या मोटारीच्या रांगेत राहिलं. घरच्या दुरुस्तीला नावं ठेवणाऱ्यांना जुन्या गाडीचा खर्च खरोखर बोचत असेल, तर बोट दाखवायला ही जागा जास्त योग्य आहे.

चौथा आक्षेप कायद्याचा आणि वॉरंटीचा. पंधरा वर्षांच्या गाडीची वॉरंटी कधीच संपलेली असते, तेव्हा तो अर्धा मुद्दा आपोआप मिटतो. उरला कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत असे फेरफार करायला मनाई करतं, ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल. त्याच मापाची क्लच प्लेट त्याच जागी बसवण्यात कोणताच तपशील बदलत नाही. फरक समजून घ्यायला सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचं उदाहरण पुरेसं आहे. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बनवलेली, किकने सुरू होणारी छोटी जीप डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. आनंद महिंद्र यांनी तिचं कौतुक करतानाच ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल असं सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. लोहार यांची जीप ही नवी निर्मिती होती, म्हणून नियम आडवे आले. आहे ती गाडी आहे तशी ठेवणाऱ्याला त्याच पंक्तीत बसवणं चूक आहे.

दुरुस्तीवर कंपन्यांची मक्तेदारी असू नये, हे तर या देशाच्या स्पर्धा आयोगाने कधीचंच सांगून ठेवलं आहे. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आयोगाने टाटा मोटर्स आणि महिंद्र अँड महिंद्रसह १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात मिळू न देणं हा ठपका होता. दंडावर पुढे अपिलं झाली, पण प्रश्न ऐरणीवर आला तो आलाच. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिने हाती घेतलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारंही आहेत आणि वाहनंही. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनीच गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती खुली करणारा कायदा मंजूर केला, आणि कोलोरॅडोत शेतकऱ्यांना आपली यंत्रं आपण दुरुस्त करता यावीत म्हणून केलेला कायदा २०२४ च्या सुरुवातीपासून लागू आहे. तिथे जो हक्क म्हणून मागितला गेला, तो इथे अंगणात निमूट वापरला जातोय. त्याला हिणवण्याचं कारण काय?

मग शेवटचं अस्त्र बाहेर येतं: ही गाडी भंगारातच का देत नाही? ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या वाहनं मोडीत काढण्याच्या धोरणाचा इथे नेहमी दाखला दिला जातो, आणि बहुतेक वेळा चुकीचा. खासगी मालकीच्या गाडीचं वय भरलं म्हणून ती सरसकट मोडीत काढावी, असं ते धोरण म्हणत नाही. गाडी योग्यता चाचणीत उतरते का, हे ते पाहतं. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ही चाचणी द्यावीच लागते. पंधरा वर्षांपुढे तिचं शुल्कही १ एप्रिल २०२२ पासून बरंच वाढलं. चेसी गंजली असेल, ब्रेक धरत नसतील, धूर ओकत असेल, तर ती गाडी रस्त्यावरून जायलाच हवी. पण झिजलेली प्लेट हे म्हातारपणाचं लक्षण नाही. टायरसारखा तो झिजण्यासाठीच बनवलेला भाग आहे.

मिस्त्री लोकांची तक्रार या सगळ्यांहून वेगळी आणि मनापासूनची आहे: लोक घरी करायला लागले तर आमच्या पोटाचं काय? व्यवहारात मात्र अंगणातलं काम एकट्याने होत नाही. गिअरबॉक्स चढवायच्या दुपारी ओळखीच्या मिस्त्रीला निरोप जातो, “मामा, तेवढं येऊन बघा.” फ्लायव्हील लेथवर जातं, ऑइल सील आणि बेरिंग स्थानिक दुकानातून येतं. पैसा गावातच फिरतो. धंदा बुडवतो तो नकली माल. ओळखीच्या ब्रँडसारख्या खोक्यातली पातळ अस्तराची प्लेट एका हंगामात रिव्हेटवर येते, आणि दोष बसवणाऱ्याच्या माथी बसतो, मग तो मालक असो की मिस्त्री.

हे ज्ञान शिकवता येतं का, याचं उत्तर महाराष्ट्राने चाळीस वर्षांपूर्वी दिलं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेले, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन केलेले शास्त्रज्ञ. त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली मुलं तिथे वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, यंत्रदुरुस्ती करत करत विज्ञान शिकली. जीपचे जुने भाग वापरून ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर तिथेच घडला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, उभी राहिली ती याच पाबळमध्ये. हात काळे करणाऱ्या पोराला अडाणी म्हणण्याची सवय कलबागांनी पुराव्यानिशी खोडून काढली होती.

हिंगोली जिल्ह्यातही औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सरकारी यादीत आहे. तो दहावी झालेल्या, पूर्णवेळ शिकू शकणाऱ्या मुलासाठी आहे. चाळिशीतल्या पिकअपमालकासाठी काहीच नाही. सोयाबीन निघाल्यावर आणि हळद काढणीला येण्याआधीच्या आठवड्यांत अशाच एखाद्या कार्यशाळेत शनिवार-रविवारचा वर्ग भरवायला नव्या इमारतीची गरज नाही. एक भंगारातली पिकअप, चार लोखंडी स्टँड, एक गिअरबॉक्स जॅक, धूळ ओल्या फडक्याने कशी पुसायची ते दाखवणारा शिक्षक, आणि अस्सल-नकली प्लेटा शेजारी शेजारी ठेवलेलं टेबल एवढं पुरेल. कंपन्यांनी आपल्या जुन्या मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका मराठीत, बोल्ट किती आवळायचा याच्या आकड्यांसह मोफत खुली करावी. स्टँड आणि जॅक बाजार समितीने किंवा गावच्या सोसायटीने दिवसाच्या भाड्यावर ठेवावेत, फवारणीचे पंप ठेवतात तसे. ‘घरी हात लावू नका’ असं बजावणाऱ्यांपैकी किती जण या मागण्यांवर सही करतील, ते एकदा त्यांनाच विचारायला हवं.